वाग्मी, वाचाळ आणि स्टार प्रचारक

निवडणुका लागल्या की मथळ्यांतून ‘वाचाळवीर’ अवतरतात. हा जोडशब्द आम्हा वर्तमानपत्रवाल्यांचा लाडका; त्यातला ‘वाचाळ’ मात्र थेट पाणिनीपर्यंत पोहोचतो.

अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात पाणिनीने ‘वाच्’ला म्हणजे वाणीला एक प्रत्यय लावला आणि ‘वाग्मी’ सिद्ध केला. अर्थ एवढाच, की ज्याच्यापाशी वाणी आहे तो. तशी ती कोणापाशी नसते? पण प्रत्यय लागला की ती कमावलेली ठरते. लगेच पुढच्या सूत्रात त्याच ‘वाच्’ला दुसरे प्रत्यय लागतात आणि ‘वाचाल’, ‘वाचाट’ हे पुष्कळ बोलणारे जन्मतात. दोघे सख्खे शेजारी. मग पुष्कळ, पण उत्तम बोलणाऱ्याला कुठे बसवायचे? अष्टाध्यायीवरच्या ‘काशिका’ या टीकेच्या कर्त्यांनी, म्हणजे काशिकाकारांनी, निकाल दिला : वाचाल हे निंदेपुरतेच, नीट बोलणारा कितीही बोलो, तो वाग्मीच. म्हणजे दोष भाषणाच्या लांबीत नाही. (सभागृहाचे भाडे भरणाऱ्या संयोजकांना हे पटणार नाही.) आचार्य अत्र्यांपुढे मात्र काशिकाकारही जरा अडखळले असते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत अत्रे प्रतिपक्षाची यथेच्छ सालटी काढत, आणि लोक जागचे हलत नसत.

मराठीने ‘वाग्मी’ मानपत्रापुरता ठेवला. बोलताना आपण ‘फर्डा वक्ता’ म्हणतो. वाचाळ घरोघर रुळला आणि आम्ही त्याला वर ‘वीर’ही केले. आमच्या मते ती चपराक. ज्याला मारली, त्याचे कार्यकर्ते तेच कात्रण स्टेटसला ठेवतात.

सरकारदरबारी शब्द आहे ‘स्टार प्रचारक’. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४०, नुसती नोंदणी असलेल्याला २०. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरत नाहीत. नावे वेळेत कळवली की झाले. बोलता येते का, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे ४० जणांत वाग्मी किती आणि वाचाळ किती, ते सभेतच कळते. हेलिकॉप्टरचे भाडे उमेदवाराला दोघांचेही सारखेच माफ.