मोबाइलचा खरा इतिहास टॉवरवर आहे

१/ ३ एप्रिल १९७३. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून, हातातल्या फोनवरून, प्रतिस्पर्धी बेल लॅब्जच्या जोएल एंगल यांना कॉल लावला. मोबाइलचा इतिहास बहुधा इथूनच सांगितला जातो. प्रसंग खरा आहे आणि रंजकही; मात्र त्यालाच आरंभाचा मान देणे अन्यायाचे आहे. एका शहरात लाखोंना बोलता आले, त्याचे मूळ टॉवरवरच्या अँटेनांच्या मांडणीत आहे.

२/ आधीची स्थिती पाहावी. १९४६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे मोटारीतल्या टेलिफोनची सेवा सुरू झाली. उंचावरचा एक शक्तिशाली प्रक्षेपक आणि मोजके चॅनेल. एका माणसाचे बोलणे सुरू झाले की तो चॅनेल शहरभर अडत असे. १९७६ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये बेलच्या या सेवेचे ग्राहक होते अवघे ५४५, आणि प्रतीक्षायादीत ३,७०० जण!

३/ यावरचा उपाय डिसेंबर १९४७ मध्येच बेल लॅब्जच्या डग्लस रिंग यांच्या टिपणात मांडला गेला होता. त्यात रे यंग यांचाही सहभाग होता. शहराचे मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी कक्ष, म्हणजे सेल, पाडावेत. प्रत्येक कक्षाला कमी शक्तीचा टॉवर द्यावा आणि पुरेशा अंतरावरच्या कक्षात तेच चॅनेल पुन्हा वापरावेत. पुरेशा लहरी उपलब्ध नसल्याने ही कल्पना दोन दशकांहून अधिक काळ कागदावरच राहिली.

४/ टॉवर षटकोनाच्या मध्यभागी उभारावा आणि त्याने चहूकडे सारखे प्रक्षेपण करावे, हा विचार स्वाभाविक वाटतो. अडचणही तिथेच आहे. असा टॉवर जिथे गरज नाही तिथेही ऐकू जातो. एकच चॅनेल वापरणाऱ्या प्रत्येक कक्षाभोवती तोच चॅनेल वापरणारे सहा जवळचे कक्ष असतात, आणि सहाही गोंगाट करतात.

५/ बेल लॅब्जच्याच फिलिप पोर्टर यांनी वेगळा मार्ग सुचवला. टॉवर षटकोनाच्या कोपऱ्यावर उभारावा आणि त्यावर तीन दिशांना तोंड केलेल्या अँटेना लावाव्यात. प्रत्येकीच्या वाट्याला १२० अंश. आता त्रास देणारे जवळचे कक्ष सहांवरून दोनांवर येतात. शक्ती वाढवली नाही, नव्या लहरी मागितल्या नाहीत. केवळ दिशा ठरवली.

६/ अमेरिकेच्या पहिल्या सेल्युलर प्रणालीत स्पष्ट आवाजासाठी हवा असलेला संदेश गोंगाटाच्या १८ डेसिबल, म्हणजे सुमारे ६३ पट, वर असणे आवश्यक मानले होते. चहूकडे प्रक्षेपण करणाऱ्या टॉवरना त्यासाठी सर्व चॅनेल १२ कक्षांत वाटावे लागत. तीन दिशांच्या मांडणीत ७ कक्षांत वाटणी पुरत असे. वाटेकरी कमी, म्हणून प्रत्येकाचा वाटा मोठा.

७/ यावर एक रास्त आक्षेप आहे. कक्षाचे तीन भाग केले की चॅनेलचेही तीन गट पडतात, आणि एका गटातला मोकळा चॅनेल शेजारच्या गटाला मिळत नाही. हे नुकसान मोजण्याचे सूत्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी १९१७ मध्येच दिले होते. शंभरात एकच कॉल अडावा अशी अट घातली, तर एकत्रित ५७ चॅनेल एका वेळी सरासरी ४४.२ संभाषणे पेलतात. १९-१९ चे तीन गट मिळून ३३.६.

८/ म्हणजे सुमारे चोवीस टक्के तोटा. पण तुलना कशाशी करायची, हे महत्त्वाचे. पुढे वाढवून मिळालेल्या वाट्यासह प्रत्येक कंपनीकडे संभाषणासाठी ३९५ चॅनेल होते. ते १२ कक्षांत वाटले, तर कक्षामागे सुमारे ३३ येतात आणि २२.९ संभाषणे पेलतात. तोटा सोसूनही तीन दिशांची मांडणी जवळजवळ दीडपट माणसे जोडते.

९/ मग सहा भाग का करू नयेत? तोही प्रयोग झाला: ६० अंशांचे सहा भाग आणि ४ कक्षांची वाटणी ही मांडणी मोटोरोलाच्या प्रणालींत वापरली गेली. गोंगाट आणखी घटतो. मात्र गट आणखी लहान होतात आणि चालत्या मोटारीतला कॉल वारंवार एका अँटेनाकडून दुसरीकडे सोपवावा लागतो. बेलच्या योजनेतही आरंभी चहूकडे प्रक्षेपण आणि मागणी वाढल्यावर दिशादर्शक अँटेना, असाच क्रम होता. उत्तर वस्तीच्या दाटीवर अवलंबून असते.

१०/ हा धडा आजही जुना झालेला नाही. गावोगावी बिनतारी इंटरनेट पुरवणारा छोटा व्यावसायिक याच प्रश्नापाशी येतो. मोजके ग्राहक असताना चहूकडे प्रक्षेपण करणारी एक अँटेना पुरते. ग्राहक वाढले की ९० अंशांच्या चार अँटेना लावून, समोरासमोरच्या दोघींना एकच चॅनेल देत, दोन चॅनेलांत काम भागवता येते. मात्र अँटेनाच्या पाठीमागून लहरी फार गळता कामा नयेत आणि सर्वांच्या प्रक्षेपणाची वेळ जुळलेली हवी. हे न पाहता नुसती शक्ती वाढवणारा व्यावसायिक सेंट लुइसच्या १९४६ मध्येच अडकलेला असतो. संध्याकाळी सगळे घरी परतले की त्याची किंमत ग्राहक मोजतो.

११/ कूपर यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. बेलचे लक्ष मोटारीतल्या फोनवर असताना फोन माणसाच्या हातात असावा, हा आग्रह मोटोरोलाने धरला. परंतु १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत व्यावसायिक सेवा सुरू झाली, ती षटकोनांच्या आराखड्यावर. वस्तू संग्रहालयात ठेवता येते, मांडणी ठेवता येत नाही. म्हणून वस्तूचा शोधक लक्षात राहतो आणि मांडणी करणारा विसरला जातो.

१२/ त्या मांडणीचे संग्रहालय मात्र प्रत्येक शहरात उघड्यावर उभे आहे. पुण्यातल्या वा नाशिकमधल्या एखाद्या गच्चीवरच्या टॉवरकडे पाहावे. तीन दिशांना तोंड केलेले उभे पट्टे बहुतेक ठिकाणी दिसतील. पोर्टर यांचे नाव तिथे कुठेही लिहिलेले नसते. दूरसंचाराच्या इतिहासात तरी ते असायला हवे.