विश्लेषण : ‘पीएचपी’ सर्व्हरवर बसते, तरी संकेतस्थळ का उघडत नाही?

उबुंटूच्या सर्व्हरवर पीएचपी बसवण्याचा आदेश एका ओळीचा असतो. इंटरनेट बरे असेल तर काम दोन-चार मिनिटांत उरकते, पडद्यावर लाल अक्षरात काही येत नाही, आवृत्ती विचारली तर उत्तरही मिळते. मग ब्राउझरमध्ये पत्ता टाकावा, तर कधी कोरे पान, कधी ‘५०२ बॅड गेटवे’, तर कधी थेट प्रोग्रॅमचा मजकूरच समोर येतो. खरी घाई सुरू होते ती इथून. पीएचपी चालत नाही ही अडचण तासाभराची असते. ती कशीबशी चालवण्यासाठी केलेल्या खटपटी मात्र वर्षानुवर्षे सर्व्हरवर तशाच राहतात, आणि धोका त्यांचाच जास्त आहे.

बिघाड बहुतेकदा कुठे असतो?

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावाने काही छोटे प्रोग्रॅम खुले केले. त्यातूनच पुढे पीएचपी ही भाषा उभी राहिली. आज ज्या संकेतस्थळांची सर्व्हरवरील भाषा ओळखता येते, त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक ठिकाणी पीएचपी असल्याचे ‘डब्ल्यूथ्रीटेक्स’ची पाहणी सांगते. यात वर्डप्रेसचा वाटा मोठा आहे.

ब्राउझरची मागणी मात्र पीएचपीकडे थेट जात नाही. ती आधी वेब सर्व्हरकडे, म्हणजे अपाची किंवा एनजिनएक्सकडे जाते. हॉटेलात ऑर्डर घेणारा वेगळा आणि भटारखाना वेगळा, तशी ही व्यवस्था. अपाचीत पीएचपी मॉड्यूल म्हणून आतच बसवता येते. एनजिनएक्समध्ये तशी सोय नाही. त्याला ‘पीएचपी-एफपीएम’ नावाची स्वतंत्र सेवा चालू ठेवून मागणी तिच्याकडे पाठवावी लागते. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी ठणठणीत असतात आणि त्यांना जोडणारी सेटिंगमधली एखादी ओळ चुकलेली असते. म्हणूनच पीएचपी काढून पुन्हा बसवण्याचा नेहमीचा उपाय बहुधा फुकट जातो. सांधा निखळलेला असताना नवे हाड बसवून काय होणार?

प्रोग्रॅमच पानावर दिसत असेल तर?

सर्व लक्षणांत हे सर्वांत वाईट. अपाचीला पीएचपीची फाइल दिसते, पण ती कोणाकडे द्यायची हे माहीत नसते, म्हणून तो ती साध्या मजकुरासारखी ब्राउझरला देऊन टाकतो. एनजिनएक्सच्या बाबतीत अनेकदा फाइल डाउनलोडच होते. त्या फाइलमध्ये डेटाबेसचे नाव आणि पासवर्ड लिहिलेला असेल तर तो वाचण्यासाठी कोणत्याही हॅकिंगची गरज उरत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये फेसबुकच्या मुख्य पानाचा पीएचपी कोड काही लोकांना असाच दिसला आणि पुढे तो इंटरनेटवर पसरला. एका सर्व्हरची मांडणी चुकल्याने हे घडल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते. 

त्यामुळे अशा वेळी पहिले काम कारण शोधण्याचे नाही. आधी वेब सर्व्हर थांबवावा किंवा ते संकेतस्थळ बंद करावे. दुरुस्ती झाल्यावर उघडे पडलेले पासवर्ड बदलावेत. कारण साधेच निघते. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेले की पीएचपी ७.४ ऐवजी ८.१ येते, जुने मॉड्यूल निघून जाते आणि नवे कधी कधी चालू केलेलेच नसते. काही वेळा पानाचा निम्माच कोड दिसतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये पीएचपीची सुरुवात दाखवणारी आखूड खूण वापरलेली असते आणि नव्या सर्व्हरवर ती खूण बंद असते, त्याचा हा परिणाम. शिकाऊंच्या बाबतीत आणखी एक गंमत घडते : फोल्डरमधली फाइल दोनदा क्लिक करून उघडलेली असते, म्हणजे ती सर्व्हरकडे गेलेलीच नसते.

‘५०२’ आणि कोरे पान यांत फरक काय?

‘५०२’ म्हणजे एनजिनएक्स जागा आहे, पण पलीकडून धड उत्तर मिळालेले नाही. एफपीएमची सेवा बंद असेल, किंवा तिचा पत्ता चुकला असेल. उबुंटूवर या पत्त्याच्या सॉकेट फाइलच्या नावातच पीएचपीची आवृत्ती असते. सर्व्हर अद्ययावत झाला, नाव बदलले आणि एनजिनएक्स मात्र जुन्याच दारावर थाप देत राहिला, हा प्रकार नेहमीचा. एनजिनएक्सचा एरर लॉग उघडला तर तिथे स्पष्ट लिहिलेले असते : अशी फाइल नाही, परवानगी नाकारली, किंवा जोडणी नाकारली. तीन वेगवेगळे आजार, तीन वेगवेगळी औषधे. तरीही लॉग न वाचता लक्षण शोधयंत्रात टाकून मिळेल तो आदेश चिकटवण्याची सवय आपल्याकडे इतकी रुजली आहे, की लॉग हा जणू शेवटचा उपाय ठरला आहे. तो पहिला असायला हवा.

कोऱ्या पानाची गोष्ट वेगळी. इथे पीएचपी चालू झालेली असते आणि मध्येच थांबलेली असते. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर चुका पडद्यावर दाखवणे बंद ठेवतात आणि ते योग्यच आहे; चूक लॉगमध्ये जाते. यावर ‘पीएचपी.आयएनआय’ या फाइलमध्ये बदल केला तरी काहीच फरक पडत नाही, अशी तक्रार हमखास ऐकू येते. उबुंटू आणि डेबियनवर या नावाची एकच फाइल नसते. आदेशांच्या काळ्या खिडकीसाठी एक, अपाचीसाठी दुसरी, एफपीएमसाठी तिसरी. माणूस पहिली बदलतो आणि संकेतस्थळ तिसरी वाचत असते. योग्य फाइल बदलली तरी सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होत नाही, हेही राहून जाते.

मराठी संकेतस्थळांना वेगळा त्रास का?

पीएचपीचे बरेच विस्तार उबुंटूवर स्वतंत्रपणे बसवावे लागतात. ‘एमबीस्ट्रिंग’ हा त्यातलाच एक. इंग्रजीपुरते काम करणाऱ्याला त्याची उणीव जाणवेलच असे नाही. मराठीत मात्र ती लगेच दिसते. पीएचपीचे साधे लांबी मोजणारे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते; यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘मराठी’ या शब्दात काना-वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणून उत्तर येते १५. याच हिशेबाने मथळा कापला की शेवटचे अक्षर मध्येच तुटते आणि तिथे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काळजी घेऊन ‘एमबी’ची फंक्शने वापरली असतील आणि सर्व्हरवर विस्तारच नसेल, तर पान अर्ध्यात थांबते. दोष कोडचा वाटतो, असतो मांडणीचा.

घाईतले उपाय किती महाग?

‘परवानगी नाकारली’ हा संदेश दिसला की फोल्डरला ‘७७७’ देऊन टाकायचे, हा सर्वाधिक पसरलेला उपाय. त्याचा अर्थ त्या सर्व्हरवरील कोणत्याही खात्याला तिथे लिहिण्याची मुभा. त्याच फोल्डरमध्ये बाहेरून फायली चढवता येत असतील आणि तिथली पीएचपी चालतही असेल, तर फोटोच्या नावाखाली आलेला प्रोग्रॅम संकेतस्थळाचा ताबा घेऊ शकतो. एरवी फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरते. प्रश्न बहुधा मालकी कोणत्या खात्याकडे आहे एवढाच असतो. रेड हॅटच्या कुळातल्या सर्व्हरवर तर परवानग्या बरोबर असूनही ‘एसई-लिनक्स’ अडवतो, आणि तिथे ७७७ चा उपयोगही होत नाही.

जुनी आवृत्ती मुद्दाम बसवणे हाही असाच मार्ग. २०१५ अखेरीस आलेल्या पीएचपी ७.० मधून मायएसक्यूएलची जुनी फंक्शने काढून टाकली. ती वापरणारा कोड बदलण्यापेक्षा ५.६ बसवणे सोपे, पण त्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ च्या शेवटी थांबल्या, ७.४ च्याही नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या. पैसे आणि मनुष्यबळ नसलेल्या संस्थेची अडचण खरी असते, पण मग तो सर्व्हर निदान उघड्या इंटरनेटवर तरी नसावा.

विंडोजवर शिकताना वापरतात त्या ‘झॅम्प’लाही हेच लागू. ते घरच्या संगणकावर सरावासाठी उत्तम आहे. जून २०२४ मध्ये विंडोजवरील पीएचपी-सीजीआयमध्ये बाहेरून आदेश चालवता येतील अशी त्रुटी जाहीर झाली, तेव्हा झॅम्पची नेहमीची मांडणीच तिच्या तडाख्यात येत होती. चिनी आणि जपानी भाषेवर चालणाऱ्या विंडोजवर ती सिद्ध करून दाखवण्यात आली. ८.१.२९, ८.२.२० आणि ८.३.८ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली, पण सरावाचे झॅम्प जसेच्या तसे लोकांसाठी खुले ठेवणाऱ्याने ती वेळेत घेतली असेल, अशी अपेक्षा कशी करायची?

राहता राहिली ‘पीएचपी-इन्फो’ची ती छोटी फाइल. सर्व जुळले की नाही हे पाहायला प्रत्येक जण ती बनवतो. जांभळ्या पट्टीचे लांबलचक पान दिसते आणि काम संपल्याचा आनंद होतो. त्या पानावर आवृत्ती, फोल्डरचे मार्ग, चालू विस्तार, कधी कधी गुप्त चाव्याही असतात. स्वयंचलित शोधक प्रोग्रॅम सर्वत्र ही फाइल त्याच ठरावीक नावांनी धुंडाळत असतात. पान दिसले, हवी ती ओळ वाचली, की त्याच मिनिटाला फाइल पुसावी.