गृहस्थाश्रमातील लोकसेवक

अमेरिकेतील एका कॅथॉलिक गृहस्थाचे स्मरण मुंबईच्या दैनिकाने पहिल्या पानावर का करावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यास तो गैर म्हणता येणार नाही. रॉबर्ट सार्जंट श्रायव्हर १८ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, निवर्तले. केनेडी घराण्याचे जावई एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे उरली आहे, आणि तीही आता पुसट होत चालली आहे. तथापि स्वधर्मावर निस्सीम श्रद्धा असलेल्या माणसाने सर्वांच्या पैशावर चालणारा राज्यकारभार कसा करावा, हा प्रश्न आज आपल्याही दाराशी उभा असताना या चरित्राकडे वळणे आम्हांस अगत्याचे वाटते.

येल येथे कायद्याचे शिक्षण घेत असता श्रायव्हर युरोपातील युद्धात अमेरिकेने पडू नये या मताचे होते व त्या मताच्या चळवळीत सामीलही झाले होते. असे असूनही पर्ल हार्बरवर हल्ला होण्यापूर्वीच ते स्वखुशीने नौदलात दाखल झाले. युद्ध टाळावे असे सांगण्याचा हक्क नागरिकाला आहे. पण देशाने शस्त्र उचललेच तर आपण घरी बसावयाचे नाही, असा हा विचार. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वादलकॅनालच्या रात्रीच्या लढाईत त्यांची ‘साउथ डकोटा’ ही युद्धनौका ऐन वेळी वीजपुरवठा बंद पडून शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात सापडली. त्या लढाईत श्रायव्हर जखमी झाले. जखमी योद्ध्यांना मिळणारे ‘पर्पल हार्ट’ हे पदक त्यांना मिळाले, परंतु त्याचे भांडवल करून त्यांनी पुढील आयुष्य काढले नाही.

१९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ ही संस्था स्थापन करून तिची सूत्रे आपल्या या मेहुण्याकडे दिली. आप्तांना पदे वाटण्याच्या प्रथेचे आम्ही कधीच समर्थन करणार नाही. पण ही नेमणूक काल्याच्या प्रसादासारखी वाटली गेली असे तिच्या टीकाकारांनाही म्हणता आले नाही. श्रायव्हर यांनी आरंभीच दोन बंधने घालून घेतली. हेरखात्याचा कोणताही माणूस या संस्थेत यावयाचा नाही, हे एक. आणि स्वयंसेवकाने परक्या देशात धर्मप्रचार करावयाचा नाही, हे दुसरे. पहिले बंधन शहाणपणाचे होते. दुसरे घालणारा माणूस मात्र खिशात जपमाळ बाळगणारा आणि नित्य मिस्सेला जाणारा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. त्याच वर्षी ते दिल्लीस येऊन पंडित नेहरूंना भेटले. नेहरूंनी फारसा उत्साह न दाखविता एक लहान तुकडी पंजाबात पाठविण्यास संमती दिली. हे तरुण पंजाबला काय शिकवितील यापेक्षा पंजाबकडून काय शिकतील, याचीच त्यांना अधिक खात्री असावी.

आमच्या शहराचा या कथेशी संबंध येतो तो विक्रोळीत. १९६६ मध्ये, म्हणजे श्रायव्हर यांनी ती सूत्रे खाली ठेवल्यावर, लिलियन कार्टर नावाच्या ६८ वर्षांच्या परिचारिका पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून तेथील गोदरेज वसाहतीत आल्या व कुटुंबनियोजनाचे आणि दवाखान्याचे काम करू लागल्या. त्यांचे पुत्र जिमी कार्टर पुढे १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पण आमचे लक्ष वेधते ते त्यांच्या कामाने. ज्या माणसाने ही संस्था घडविली त्याच्या धर्मात कृत्रिम संततिनियमन निषिद्ध होते. अध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेचे प्रमुख असताना खुद्द श्रायव्हर यांच्याच खात्याने १९६५ मध्ये कुटुंबनियोजन केंद्रांना सरकारी पैसा देण्यास प्रारंभ केला. अविवाहित स्त्रियांसाठी तो वापरावयाचा नाही, अशी अट मात्र होती. सुधारकांना ती अट खुपली. आणि या क्षेत्रातील सरकारच्या वाढत्या हालचालींवर कॅथॉलिक बिशपांनी १९६६ मध्ये जाहीर टीका केली. अट आम्हांसही चुकीची वाटते. परंतु गरीब स्त्रीला सल्ला मिळावा की नाही हे ठरविताना त्यांनी स्वतःची श्रद्धा तिच्यावर लादली नाही. गर्भपाताला मात्र त्यांचा विरोध होता आणि स्वपक्षाचा कल विरुद्ध दिशेला गेल्यावरही तो त्यांनी लपविला नाही. या भूमिकेशी सहमत नसणाऱ्यांनीही तिच्यातील सरळपणा मान्य करावयास हरकत नाही.

मोठी माणसे घरी कशी वागतात याची चौकशी सहसा होत नाही. झाल्यास ती नेहमीच सुखाची ठरत नाही. श्रायव्हर यांचा युनिस केनेडी यांच्याशी विवाह १९५३ मध्ये झाला आणि २००९ मध्ये युनिस यांच्या मृत्यूपर्यंत टिकला. युनिस यांची बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या अपंग होती व १९४१ मध्ये मेंदूवर केलेल्या शस्त्रक्रियेने पार परावलंबी झाली होती. हे दुःख झाकून ठेवण्याऐवजी या दांपत्याने १९६२ मध्ये मेरीलंडमधील आपल्या घराचे अंगणच अशा मुलांच्या उन्हाळी शिबिराला दिले. त्यांची स्वतःची मुलेही त्या मुलांबरोबर तेथे खेळली, पोहली. त्याच अंगणातून १९६८ मध्ये शिकागो येथे ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ उभी राहिली. १९६५ च्या उन्हाळ्यात ‘हेड स्टार्ट’च्या बालवर्गांत पाच लाखांहून अधिक गरीब मुले आली, तिच्यामागेही याच घरातील अनुभवाचा हात होता.

त्यांच्या पदरी अपयशही पुष्कळ आले. दारिद्र्य हटविण्याची वचने फार मोठी दिली गेली आणि पैसा व्हिएतनामच्या युद्धाने गिळला. १९७२ मध्ये उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा पन्नासांपैकी एकच राज्य त्यांच्या पक्षाच्या हाती लागले.

२००३ मध्ये त्यांना अल्झायमरचा विकार असल्याचे निदान झाले. २००९ मध्ये कन्या मारिया यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या रोगाविषयी साक्ष दिली. वडील अजून रोज मिस्सेला जातात, मरियामातेची प्रार्थना त्यांना आठवते, पण मारिया मात्र आठवत नाही, असे त्यांनी तेथे सांगितले.