ब्रुसेलोसिस : लसीकरणापलीकडचा प्रश्न

सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांच्या नियंत्रणासाठी पाच वर्षांकरिता १३ हजार ३४३ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यापैकी लाळ्या-खुरकूत पशुपालकांच्या परिचयाचा आहे. ब्रुसेलोसिस मात्र बहुधा गोठ्यात लपूनच राहतो.

ब्रुसेला अबॉर्टस या जिवाणूमुळे गाय किंवा म्हैस सहसा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते आणि पुढे जनावर वारंवार उलटू लागते. गर्भ, वार आणि स्राव यांनी दूषित झालेल्या चारा-पाण्यातून संसर्ग पसरतो. बाधित वळूचे वीर्य कृत्रिम रेतनासाठी वापरले गेल्यास तो अनेक गावांत पोहोचू शकतो. म्हणूनच वीर्य केंद्रांतील वळूंची नियमित तपासणी केली जाते. गावात मोकळ्या फिरणाऱ्या वळूची तशी तपासणी सहसा होत नाही.

या कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच लस टोचली जाते. ही लस पुढच्या पिढीचे रक्षण करते. आधीच बाधित झालेल्या जनावराला ती बरे करीत नाही. खरी अडचण येथेच आहे. बाधित गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढचे वेत पूर्ण दिवसांचे झाले की ती बरी झाली, असा मालकाचा समज होतो. परंतु दुधातून व स्रावांतून जिवाणू बाहेर पडतच राहतात. अशी गाय बाजारात विकली गेली की रोगही तिच्यासोबत नव्या गोठ्यात जातो.

अनेक देशांनी बाधित जनावरे नुकसानभरपाई देऊन कळपातून काढून टाकली व रोग आटोक्यात आणला. भारतातील बहुतांश राज्यांत गोहत्येवर निर्बंध असल्याने तो मार्ग खुला नाही. शिवाय एक-दोन जनावरांवर संसार चालविणाऱ्या पशुपालकाला रोग उघड करणे परवडत नाही.

ही झळ माणसालाही बसते. कच्चे दूध पिणे किंवा अडकलेली वार उघड्या हातांनी काढणे यांतून संसर्ग होतो. उलटून येणारा ताप आणि सांधेदुखी ही लक्षणे अनेकदा मलेरिया वा विषमज्वराची समजली जातात. दूध उकळणे आणि हातमोजे वापरणे हे साधे उपाय तेथे मोलाचे ठरतात.

लसीकरणाला खरेदी-विक्रीपूर्वीची तपासणी, बाधित जनावरांचे विलगीकरण आणि मालकाला आर्थिक आधार यांची जोड मिळाली, तरच या कार्यक्रमाचे फळ गोठ्यापर्यंत पोहोचेल.