नदीचा जबाब गाळात

विठ्ठलवाडीजवळ मुठेचा मूठभर गाळ चाळणीत धुतला, की ट्युबिफेक्स कृमींचे लाल गुंते हाती लागतात. घरच्या शोभेच्या माशांना आपण कौतुकाने घालतो, तेच! रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे अगदी कमी ऑक्सिजनवरही ते तगतात. स्वच्छ ओढ्यात दगड उलटला की सैरावैरा पळणारी मेफ्लायची पिल्लं मला इथे कधी दिसली नाहीत.

तपासणीची बाटली त्या क्षणाचं पाणी सांगते. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, कळायला आणखी तीन दिवस. तरंगणारं प्लवक प्रवाहाबरोबर निघून जातं. तळचा किडा मात्र महिनोन्महिने तिथेच असतो, रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणीही सोसतो. मग काठच्या सुशोभीकरणाच्या फलकावर या किड्यांची मोजणी का नको? माझे विद्यार्थी चाळण्या घेऊन येतील. पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या तेवढ्या ठेवा.