चिठ्ठी कुणाच्या नावाची?

मुलांनो, आमच्या शाळेत दर हिवाळ्यात लंगडीचे सामने असतात. तिसरी-चौथीचे मिळून आठ संघ. कोण कुणाशी खेळणार हे कसं ठरवायचं? सोपं आहे! आठ चिठ्ठ्या करायच्या, जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या, डबा खुळखुळवायचा आणि दोन-दोन चिठ्ठ्या काढायच्या. पण एका वर्षी झालं काय, की शाळेतले सगळ्यात तगडे दोन संघ पहिल्याच सामन्यात समोरासमोर आले. असा सामना झाला म्हणता! सगळी शाळा ओरडत होती. त्यातला एक संघ अर्थातच हरला आणि घरी गेला. मग अंतिम सामना इतका एकतर्फी झाला, की निम्मी पोरं तो सोडून कुंपणापलीकडच्या बोरीखाली पळाली.

पुढच्या वर्षी मी शहाणी झाले. त्या दोन संघांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्याच नाहीत. एकाला तक्त्यात सगळ्यात वर लिहिलं, दुसऱ्याला सगळ्यात खाली, आणि मधल्या जागा चिठ्ठ्यांनी भरल्या. म्हणजे ते दोघे भेटले तर शेवटीच भेटणार. मी मनात खूश! तेवढ्यात एका छोट्या संघाची कर्णधार उठली आणि म्हणाली, “बाई, म्हणजे ते दोघं एकमेकांना चुकवणार, आणि आम्ही मात्र पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडी! हा कुठला न्याय?”

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण मी जे केलं होतं तेच जगातल्या सगळ्या मोठ्या टेनिस स्पर्धा करतात. त्याला म्हणतात मानांकन. तर तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज आपण थेट पॅरिसला जाऊ या. तिथं दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस फ्रेंच ओपन सुरू होते, आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी तिचा ‘ड्रॉ’ निघतो. ड्रॉ म्हणजे आपला चिठ्ठ्यांचा डबाच, फक्त १२८ जणांचा!

या स्टेडियमचं नाव आहे रोलाँ गॅरोस. तुम्हाला वाटेल, कुणीतरी जुना मोठा टेनिसपटू असणार. छे! तो होता विमान चालवणारा. १९१३ साली त्यानं न थांबता भूमध्य समुद्र ओलांडला होता. आणि तिथली ती प्रसिद्ध लाल माती? तीसुद्धा खरी माती नव्हेच. तो आहे विटांचा चुरा, फक्त एक-दोन मिलिमीटर जाडीचा थर. त्याच्याखाली चुनखडीचा पांढरा चुरा असतो. वरच्या त्या पातळशा लाल थरामुळे सगळा खेळ बदलतो. चेंडू जमिनीवर पडला की त्याचा वेग कमी होतो आणि तो उंच उसळतो. खेळाडू घसरत घसरत चेंडूपर्यंत पोचतात. एक फटका मारून गुण मिळवणं अवघड, म्हणून रॅली लांबतात. ज्याच्या पायात दम आणि डोक्यात धीर, त्याचं इथं जमतं. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

आता तक्ता बघू. एकाखाली एक १२८ ओळी. सात फेऱ्या जिंकल्या की विजेतेपद. गणितवाल्यांनी करून बघा: १२८ चे निम्मे ६४, मग ३२, १६, ८, ४, २, १. या १२८ पैकी पुरुषांत १०४ जण जागतिक क्रमवारीवरून थेट येतात. १६ जण आधीच्या आठवड्यात पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून येतात. उरलेल्या ८ जणांना यजमान आपल्या मर्जीनं बोलावतात. त्याला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात.

आणि मानांकन मिळतं फक्त ३२ जणांना. पहिला मानांकित सगळ्यात वर, दुसरा सगळ्यात खाली. हे दोघे अंतिम फेरीच्या आधी भेटूच शकत नाहीत. तिसरा आणि चौथा मात्र चिठ्ठीवर! एक जण पहिल्याच्या अर्ध्या भागात जातो, दुसरा दुसऱ्याच्या. पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे चार जण चार पाव भागांत वाटले जातात, तेही चिठ्ठीनंच. असं करत करत ३२ जण तक्ताभर पसरवतात. त्यामुळे दोन मानांकित खेळाडू तिसऱ्या फेरीच्या आधी समोरासमोर येतच नाहीत. उरलेले ९६ जण मग रिकाम्या जागांवर पडतात. जिथं पडतील तिथं!

म्हणून वर्तमानपत्रात ड्रॉ आला की आधी वरचं नाव बघायचं नाही. आधी तीन आणि चार कुठं गेले ते शोधायचं. २०२४ साली कार्लोस अल्काराझला तिसरं मानांकन होतं. त्याची चिठ्ठी पडली दुसऱ्या मानांकित यानिक सिनरच्या भागात. झालं! ज्या सामन्याची सगळे अंतिम फेरीत वाट बघत होते तो उपांत्य फेरीतच आला. अल्काराझनं तो पाच सेटमध्ये जिंकला आणि पुढे विजेतेपदही मिळवलं. पुढच्या वर्षी, २०२५ ला, सिनर पहिला होता आणि अल्काराझ दुसरा. या वेळी तक्त्यानं त्यांना दोन टोकांना ठेवलं, आणि दोघेही अंतिम फेरीपर्यंत आले. तो सामना ५ तास २९ मिनिटं चालला! फ्रेंच ओपनच्या इतिहासातली सगळ्यात लांब अंतिम लढत. अल्काराझनं त्यात हरण्यापासून एका गुणावर असताना तीनदा स्वतःला वाचवलं आणि मग जिंकला. आता सांगा, हाच सामना पहिल्या फेरीत झाला असता तर? आमच्या लंगडीसारखं लोक बोरं खायला गेले असते.

म्हणजे मानांकनाचा उपयोग आहे. पण आमच्या कर्णधाराचा प्रश्न अजून तसाच आहे बरं का. आणि तिला वाटतं त्यापेक्षा तो जास्त खोल आहे. कारण मानांकनाचा आकडा येतो कुठून? मागच्या ५२ आठवड्यांत मिळवलेल्या गुणांमधून. त्यात सिमेंटसारख्या कठीण कोर्टावरचे गुण आले, गवतावरचे आले, मातीवरचेही आले. सगळ्यांची एकच खिचडी! पण पॅरिसमध्ये तर खेळायचं आहे फक्त मातीवर. मातीला आकडे वाचता येतात का?

पीट सॅम्प्रसचं नाव घरच्या मोठ्यांना विचारा. १९९३ ते १९९८ अशी सलग सहा वर्षं तो वर्षाअखेर जगात पहिला होता. १४ ग्रँड स्लॅम विजेतेपदं जिंकला. त्यात फ्रेंच ओपन एकही नाही. १९९६ ला उपांत्य फेरीत पोचला, तीच त्याची तिथली मोठी मजल. उलट इगा श्वियाँतेक बघा. २०२२, २०२३ आणि २०२४, सलग तीन वर्षं ती पॅरिसची विजेती. तरी २०२५ मध्ये तिला मानांकन मिळालं पाचवं! त्यामुळे ती पहिल्या मानांकित आरिना सबालेन्काच्याच अर्ध्या भागात पडली आणि उपांत्य फेरीत तिच्याकडून हरली. आकडा बरोबर होता, पण तो मातीचा आकडा नव्हता.

आणि आता या सगळ्यातली माझ्या मनाला लागलेली गोष्ट. राफेल नदाल हा फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकलेला खेळाडू. २००५ साली पहिल्यांदा, २०२२ साली शेवटची. दुसऱ्या कुणाही पुरुषाला किंवा बाईला एका ग्रँड स्लॅम स्पर्धेत एवढं जमलेलं नाही. २०२४ च्या मे महिन्यात तो ३७ वर्षांचा होता. दुखापतीमुळे जवळजवळ वर्षभर खेळलाच नव्हता, म्हणून क्रमवारीत घसरून पावणेतीनशेच्या आसपास गेला होता. दुखापतीनं दूर राहिलेल्यांना जुन्या क्रमांकावर स्पर्धेत प्रवेश मिळतो, पण मानांकन मात्र मिळत नाही. म्हणजे नदाल त्या ९६ जणांमधला एक झाला. २३ मे ला ड्रॉ निघाला. त्याच्या शेजारी नाव आलं अलेक्झांडर झ्वेरेव्हचं. चौथा मानांकित, आणि काही दिवसांपूर्वीच रोमची मातीवरची स्पर्धा जिंकून आलेला! तोवर नदाल पॅरिसमध्ये ११२ सामने जिंकला होता आणि फक्त तीन हरला होता. चौथा पराभव त्या चिठ्ठीनं आणला. ६-३, ७-६, ६-३. त्यानंतर तो फ्रेंच ओपनमध्ये पुन्हा उतरला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निवृत्त झाला.

पण थांबा, ती चिठ्ठी झ्वेरेव्हलाही आवडली असेल का? चौथं मानांकन मिळवायचं आणि पहिल्याच दिवशी समोर नदाल! मानांकन आपल्याला दुसऱ्या मानांकितांपासून वाचवतं. आकडा नसलेल्या खऱ्या मातीवाल्यापासून नाही वाचवत. म्हणून ड्रॉ वाचणारे पक्के लोक आधी कोऱ्या नावांवरून बोट फिरवतात. या बिनआकड्याच्या नावांमध्ये मातीवर कोण चांगलं खेळतंय? एप्रिल-मेमध्ये मोंटे कार्लो, माद्रिद, रोम इथं मातीवरच्या स्पर्धा होतात, त्यांचे निकाल पाहायचे. त्यातही माद्रिदला थोडं कमी महत्त्व द्या. ते शहर उंचावर आहे, तिथली हवा विरळ, चेंडू जास्त वेगानं पळतो. रोमचा निकाल पॅरिसच्या जवळचा.

१९९७ साली हे बोट एका नावावर थांबायला हवं होतं, पण फारसं कुणाचं थांबलं नाही. ब्राझीलचा गुस्ताव्हो कुर्टन. वय २०, क्रमांक ६६. त्याआधी अशा पातळीवरची एकही स्पर्धा जिंकलेला नव्हता. तेव्हा मानांकनं फक्त १६ असायची. (२००१ च्या विम्बल्डनपासून ती ३२ झाली.) आता त्याची वाट बघा. तिसऱ्या फेरीत थॉमस मुस्टर, १९९५ चा विजेता. उपांत्यपूर्व फेरीत येवगेनी काफेल्निकोव्ह, १९९६ चा विजेता. अंतिम फेरीत सर्गी ब्रुगेरा, १९९३ आणि १९९४ चा विजेता. तिघांनाही हरवून कुर्टन जिंकला! आणि उपांत्य फेरीत त्याच्यासमोर कोण होता माहिती आहे? फिलिप देवुल्फ, पात्रता फेरी खेळून आलेला. दोन बिनआकड्याचे खेळाडू, आणि दोघांतला एक अंतिम फेरीत जाणार! पुढे २००० आणि २००१ लाही कुर्टननं तिथं विजेतेपद मिळवलं. तेव्हा तो काही योगायोग नव्हता.

पोरींमध्ये २०२५ ला असंच झालं. फ्रान्सची लोईस ब्वासाँ, क्रमांक ३६१. यजमानांच्या वाइल्ड कार्डवर आलेली. आदल्या वर्षी ऐन स्पर्धेच्या तोंडावर तिचा गुडघा दुखावला होता. तिनं तिसऱ्या मानांकित जेसिका पेगुलाला हरवलं, सहाव्या मानांकित मिरा आंद्रीव्हाला हरवलं, आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. शेवटी कोको गॉफनं तिला थांबवलं, आणि विजेतीही गॉफच झाली.

सगळ्यांचं असं होत नाही, तेही सांगायला हवं. आपला सुमित नागल २०२४ ला क्रमवारीवरून थेट मुख्य ड्रॉमध्ये होता. चिठ्ठी आली अठराव्या मानांकित कारेन खाचानोव्हची. २-६, ०-६ असा मागे पडल्यावरही तिसरा सेट त्यानं टायब्रेकपर्यंत नेला, पण हरला तो हरलाच.

मग मी त्या कर्णधाराला काय सांगितलं? आधी हिशेब मांडून दाखवला. ९६ बिगरमानांकितांपैकी पहिल्या फेरीत मानांकितांसमोर येतात फक्त ३२. उरलेले ६४ आपापसात खेळतात. म्हणजे तिघांतला एकच तोंडी जातो. आणि हेही कबूल केलं की मानांकितांचे थोडे लाड होतातच. पहिल्या दोन फेऱ्या त्यांना त्यातल्या त्यात सोप्या, मग जास्त गुण, मग पुन्हा मानांकन. गोल गोल चक्र आहे ते, आणि मला ते सगळं पटत नाही. मानांकनं पुन्हा १६ केली तर पहिले दिवस जास्त रंगतील असं माझं मत आहे. मग तिला कुर्टनचा तक्ता दाखवला. तिनं तो नीट वाचला आणि म्हणाली, “बाई, तिथं ९६ होते. आम्ही सहाच. तिघांतला एक त्यांचा, आमच्यातही तिघांतला एक. मग हिशेब तोच की! पण चिठ्ठ्या तुम्हीच का काढता? आम्ही काढू की.”

बरोबर होतं तिचं. या हिवाळ्यात डब्यात हात तिच्याच संघाचा असणार आहे.

आता तुमचं काम. एक मोठा पांढरा कागद घ्या. त्यावर ड्रॉ निघेल तेव्हाचा एक पाव भाग उतरवा, म्हणजे ३२ ओळी. सगळा १२८ चा काढायला बसाल तर आई अभ्यासाची आठवण करून देईल. घरातल्या कुणाच्या मोबाइलवर किंवा पेपरात ड्रॉ मिळेल. मानांकितांपुढे लाल पेन्सिलीनं आकडा लिहा. मग ज्यांच्यापुढे आकडा नाही अशांतलं एक नाव निवडा, आणि पहिला सामना सुरू व्हायच्या आधी त्याच्याखाली रेघ ओढा. तो किंवा ती का निवडली, एवढं एका वाक्यात मागच्या बाजूला लिहून ठेवा. तुमचं नाव कोणत्या फेरीपर्यंत टिकलं ते मला नक्की कळवा. पहिल्या फेरीत गेलं तरी कळवा हं.