घर पहावे घेऊन

'घर पहावे बांधून' असे जुनी माणसे सांगून गेली. घर घेऊन पाहण्याबद्दल मात्र ती काही बोलली नाहीत. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवले असावे.

अकोल्याला जठारपेठेत आमचे अकरा वर्षे बिऱ्हाड होते. गावाबाहेर एक ले-आउट पडला. शेतात चुन्याच्या रेघा, तोंडाशी कमान आणि दलालाच्या हातात रंगीत नकाशा. दार कुठे, तुळस कुठे, हे मी उभ्या उभ्या ठरवले आणि एक्कावन्न हजारांचा इसार मोजून मोकळा झालो. त्यात सौ.ची भिशीची शिल्लक होती, हे ओघानेच आले.

संध्याकाळी पेढे दिले, तेव्हा शेजारचे निवृत्त तलाठी म्हणाले, "मास्तर, सातबारा पाह्यला काय?"

मी प्लॉट पाहिला होता, नकाशा पाहिला होता, दलालाची मोटारसुद्धा पाहिली होती. सातबारा तेवढा राहिला होता!

हल्ली तो घरबसल्या संगणकावर दिसतो. त्यांनी लगेच काढून दाखवला. जमीन शेतीचीच, अकृषक परवानगी झालेलीच नव्हती. शिवाय विकणाऱ्याच्या नावाखाली त्याच्या तीन बहिणींची नावे. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाइतकाच, हे २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात बसले आहे. बहिणींना न विचारता भाऊ विकत होता आणि बायकोला न विचारता मी घेत होतो. जोडी छान जमली होती!

आठ महिने खेटे घातले, तेव्हा चाळीस हजार परत मिळाले. अकरा हजार बुडाले. सौ. एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पुढे संस्थेने अमरावतीला बदली केली. या खेपेला साईनगरातले बांधलेले घर सौ.ने पाहिले. तिने भिंतींच्या आधी कागद मागितले: मालकीचा उतारा, अकृषक आदेश, मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती. वकिलाकडून तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेतला. बोजा नाही असे कळल्यावरच इसार दिला, तोही चेकने.

खरेदीच्या वेळी वकील म्हणाले, "घर केवळ वहिनींच्या नावे घ्या. २०२१ पासून बाईमाणसाला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तुमचे नाव जोडले की ती गेली."

घर तीस लाखांचे. म्हणजे तीस हजार वाचत होते. पण दारावरच्या पाटीवर मी मनात माझे नाव केव्हाच कोरले होते. मी गप्प बसलो.

वाचकहो, या दिवाळीत कुणी इसार देण्याच्या बेतात असाल, तर आधी उताऱ्यावरची सगळी नावे वाचा आणि तितक्या सह्या मोजा. मोठ्या योजनेत घर घेत असाल तर महारेराचा क्रमांक तपासा. तिथे नोंदणीकृत करार होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. आणि घरच्या माणसांना विचारा. त्याला शुल्क नाही.

खरेदीखतावर सही करून सौ. माझ्याकडे वळली. "अहो, ते अकरा हजार वसूल झाले, वर एकोणीस उरले. आणि पाटीवर दोघांचीही नावे घालू. पाटीला कुठे मुद्रांक लागतो?"